दातानं ऐकणारा मिस्त्री

केरबामामांच्या काही सवयी मी वहीत लिहून ठेवल्या होत्या. ते असतानाच. कशासाठी, ते तेव्हा मला माहीत नव्हतं.

ते फोन कानाला लावायचे नाहीत. कानामागच्या हाडावर दाबून धरायचे.

गाडी सुरू करायला सांगण्याआधी चप्पल काढायचे आणि उघडे पाय जमिनीवर टेकवायचे.

पेट्रोलचे दोन थेंब बोटांत चोळायचे आणि थांबायचे. बोटं कोरडी झाली तर पेट्रोल. तेलकट राहिली तर आत रॉकेल. मग काही न बोलता ती बोटं मालकाच्या नाकासमोर धरायचे.

प्रत्येक गाडीच्या नटबोल्टांसाठी जर्मनची वेगळी ताटली ठेवायचे. एका ताटलीतला नट दुसरीत गेलेला त्यांना खपायचा नाही.

चहा आला की अर्धा बशीत ओतून माझ्या अब्बांना द्यायचे. अख्खा कप त्यांनी एकट्यानं प्यालेला मी कधी पाहिला नाही.

गिऱ्हाइकाचं नाव विसरायचे. त्याच्या इंजिनाचं दुखणं विसरायचे नाहीत. "या, दोन नंबरचा प्लग काळा पडतो ते तुम्हीच न्हवं?" असं त्यांचं स्वागत असायचं.

कुणी 'बहिरा मिस्त्री' म्हटलं की ते रागवायचे नाहीत. दुरुस्ती करायचे. म्हणायचे, "बहिरा न्हाई. उशिरा ऐकतो."

केरबामामांना जाऊन आज अकरा दिवस झाले. ते चोपन्न वर्षांचे होते. लातूरला औसा रोडवर गॅरेजांची रांग आहे, तिच्या टोकाला त्यांचं पत्र्याचं शेड. शेजारी माझ्या अब्बांचं, नजीरभाईंचं, सीट कव्हरचं दुकान. मी नांदेडला मराठीत एम. ए. केलं आणि परत येऊन अब्बांच्या दुकानात बसलो. दुकानात बसायचो कमी, शेडमध्ये जास्त. केरबामामा मला 'एम्मे' म्हणायचे. मला इंजिनातलं काही दुरुस्त करता येत नाही. मी फक्त बघायचो.

त्यांचं गाव किल्लारीकडचं. सातवी झाली आणि घर सोडून ते नांदेडला गेले. गुरुद्वाऱ्याजवळ एका सरदारजींचं गॅरेज होतं. तिथं नऊ वर्षं काढली. तो काळ असा होता की जो तो अॅम्बॅसडरमधलं पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवायचा. टॅक्सीला परवडायचं. रांगेतले सगळे मिस्त्री ते काम शिकले. केरबामामा शिकले नाहीत. सरदारजींनी त्यांना सांगितलं होतं की डिझेलचं इंजिन ओरडतं, त्याला कुणीही ऐकेल. पेट्रोलचं हळू बोलतं. त्याला कान द्यावा लागतो. केरबामामांनी कान दिला. तेविसाव्या वर्षी ते नांदेडात पेट्रोल इंजिनाचे कान म्हणून ओळखले जात होते. टॅपेट ढिला आहे की बेअरिंग गेलंय, हे ते रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीवरून सांगायचे.

मग भूकंप झाला. सप्टेंबर संपत आला होता, साल त्र्याण्णव. केरबामामा जेमतेम तेविशीत होते. बहिणीला भेटायला गावी गेले आणि मुक्कामाला राहिले. बायको, धुरपतामामी, नांदेडलाच होती. पहाटे दगडमातीची भिंत अंगावर आली. अकरा तासांनी लष्कराच्या जवानांनी त्यांना बाहेर काढलं. बहीण निघाली नाही.

त्याबद्दल ते एवढंच सांगायचे. मी एकदा जास्त विचारलं. ते म्हणाले, "एम्मे, त्यात दुरुस्त करण्यासारखं काही न्हाई. कशाला खोलायचं?"

मार लागून दोन्ही कानांच्या आतली बारीक हाडं सरकली होती. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की नस शाबूत आहे, पण आवाज तिथवर पोचायचा रस्ता मोडलाय. उजव्या कानाला जवळचं, मोठ्यानं बोललेलं थोडं ऐकू यायचं. डाव्याला काहीच नाही. सरदारजींनी त्यांना काढलं नाही. पण गिऱ्हाइकं दुसऱ्या मिस्त्रीकडं बोट दाखवू लागली. केरबामामांना ऑइल बदलायला ठेवलं. पंक्चर काढायला ठेवलं.

दोन महिन्यांनी एके दुपारी एका फियाटवर काम चाललं होतं. त्यांचे दोन्ही हात गुंतलेले होते, म्हणून लांब पेचकसाची लाकडी मूठ त्यांनी दातात धरली. वाकले. पेचकसाचं टोक टॅपेट कव्हरला टेकलं. इंजिन चालू होतं.

"डोस्क्यात उजेड पडल्यागत झालं," ते मला म्हणाले होते. आवाज दातातून हाडात गेला, हाडातून आत. कानाचा मोडका रस्ता सोडून दुसऱ्या रस्त्यानं. टॅपेट ठकठक करत होता. त्यांनी ते सरदारजींना सांगितलं. सरदारजींनी कव्हर खोललं. टॅपेट ढिला निघाला. त्या दिवसापासून पेचकस दातात. पुढच्या वरच्या दातांना मुठीचा खाचा पडला होता. हसले की दिसायचा.

भूकंपानंतर सगळं बांधकाम लातूरकडं होतं, गाड्या लातूरकडं होत्या. ते मामीला घेऊन इथं आले. शेड टाकलं. शेडच्या मागच्या भिंतीवर त्यांनी ऑइलपेंटनं अक्षरं काढली. ती मी वाचून वाचून पाठ केली आहेत.

फियाट. चार सिलिंडर. १०८९ सीसी. फायरिंग एक, तीन, चार, दोन.

छोटी गाडी आणि व्हॅन. तीन सिलिंडर. ७९६ सीसी. फायरिंग एक, तीन, दोन.

त्याखाली प्लगची गॅप, टॅपेटची गॅप, ऑइल किती लिटर. त्याखाली: निळा धूर, ऑइल जळतंय. काळा धूर, पेट्रोल जास्त पडतंय. पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी आत शिरतंय. आणि सगळ्यात खाली, मोठ्या अक्षरांत: 'आवाज सांगू नका. गाडी दाखवा.'

लोक त्यांची परीक्षा घ्यायचे. एकदा एकानं मुद्दाम मधल्या प्लगची वायर सैल करून गाडी आणली आणि दोन मित्रांना तमाशा बघायला सोबत आणलं. केरबामामांनी चप्पल काढली. पेचकस दातात धरला. तीन ठिकाणी टेकवला. मग सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "दोन नंबरची वायर लावा, मग बोलू. आन् परीक्षेची फी चहा हाय. पाच कप." पाचवा अब्बांचा होता.

दोन हजार सालानंतर लातूर बदललं. दहावी झालेली मुलं चहूकडून इथं यायला लागली. जळकोट, उदगीर, भोकर, कुठूनही. गल्ल्यागल्ल्यांत क्लास निघाले, क्लासभोवती होस्टेल, होस्टेलभोवती मेस. प्रत्येक होस्टेलनं बोअर पाडला. मुलांना होस्टेलवरून क्लासला न्यायला व्हॅन आल्या. तीन सिलिंडरच्या, पेट्रोलच्या, पुढच्या सीटखाली इंजिन असलेल्या. अब्बांना कव्हरांचं काम मिळालं, केरबामामांना इंजिनांचं.

केरबामामांची भांडणं याच काळातली आणि ती पाण्यावरून असायची. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड. दोन महिने उकळलं की भांड्याच्या बुडाला पांढरा थर धरतं. तेच पाणी ड्रायव्हर लोक रेडिएटरमध्ये ओतायचे. केरबामामा सांगायचे, हाच थर इंजिनाच्या आत बसतो, पाण्याच्या वाटा बुजतात, इंजिन तापतं, हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण वाकतं. ड्रायव्हर हसायचे. ज्या शहरात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, तिथं गोडं पाणी गाडीला पाजा म्हणणारा माणूस त्यांना वेडा वाटायचा. "मिस्त्री, माणसाला न्हाई तर गाडीला कुठून आणू?" असं विचारायचे. केरबामामा आपल्या घरचा हंडा आणून ओतायचे. मामी बडबडायची. ते तोंड दुसरीकडं करायचे. तोंड दिसलं नाही की त्यांना ऐकू यायचं नाही, ही एक सोय होती.

दुसरं भांडण थर्मोस्टॅटचं. रेडिएटरकडं जाणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी एक लहानसा वाल्व असतो. इंजिन पुरतं गरम होईपर्यंत तो पाणी अडवतो. आमच्याकडं रिवाज असा की नवी गाडी आली की पहिल्यांदा तो काढून फेकायचा. एवढ्या उन्हाच्या मुलखात पाणी अडवून इंजिन गरम कशाला करायचं, असा हिशोब. बाकीचे मिस्त्रीही काढायचे. केरबामामा परत बसवायचे. ते म्हणायचे की वाल्व नसला की पाणी थंड व्हायच्या आत पुढं पळतं, आणि ज्यानं इंजिन बनवलं तो काही येडा नव्हता.

शेषेराव सरांच्या क्लासच्या चारही व्हॅन केरबामामांकडं होत्या. सर फिजिक्स शिकवायचे. केरबामामांहून सात वर्षांनी लहान. तरी त्यांना अरेतुरे करायचे. केरबामामा अहो सर म्हणायचे. त्यातल्या एका व्हॅनवर माणिकप्पा ड्रायव्हर होता. निलंग्याकडचा, निम्मं कानडी बोलणारा, गरीब माणूस.

यंदा एप्रिलमध्ये त्या व्हॅनचा एक वाल्व जळला. केरबामामांनी हेड उतरवलं, वाल्व बदलला, खाली गॅस्केटची नवी पट्टी घातली, हेड बसवलं. तेरा एप्रिलला गाडी दिली.

मे महिन्यात एका प्रवेश परीक्षेचं केंद्र नांदेडला आलं. माणिकप्पा सात मुलांना घेऊन पहाटे पाचला लातूरहून निघाला. अहमदपूर सोडलं आणि इंजिन तापलं. काटा वर गेलेला त्याला दिसला होता. मुलांची वेळ गाठायची म्हणून तो थांबला नाही. माळेगावच्या अलीकडं इंजिन जाम झालं. दुसरी गाडी मिळेपर्यंत वेळ गेला. मुलं नांदेडला पोचली तेव्हा केंद्राचं फाटक बंद होऊन पंचवीस मिनिटं झाली होती. सातही जणांची परीक्षा हुकली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या रांगेत एकच बोलणं. बहिऱ्याला इंजिनाचा आवाज कळला नाही. बहिऱ्यानं हेड वाकडं बसवलं. शेषेराव सर शेडवर आले. सोबत चार पालक होते. सर मोठ्यानं बोलले. केरबामामांना ऐकू यावं म्हणून नाही, लोकांना यावं म्हणून.

"तुला ऐकू येत नाही तर इंजिन काय दुरुस्त करणार? चूक माझी आहे. मी दया केली."

केरबामामा त्यांच्या ओठांकडं बघत होते. ते बघून झाल्यावर म्हणाले, "चूक दाखवायची तर इंजिनात दाखवा, सर. कानात नको."

मग त्यांनी जे सांगितलं ते रांगेत कुणी कधी केलं नव्हतं. व्हॅन ओढून इथं आणा. सगळ्यांसमोर खोलतो. सगळे मिस्त्री बोलवा, पालक बोलवा. माझी चूक निघाली तर ती माझी. पण बघायला या.

धुरपतामामीनं त्या संध्याकाळी अब्बांना बोलावून घेतलं. अब्बांनी केरबामामांना समजावलं. एकट्यानं खोल, आत काय आहे ते बघ, मग लोकांना बोलाव. काय निघेल कुणाला ठाऊक? या शेडवर पोट आहे. उद्या काही निघालं तर या शहरात तुझ्या हातात कुणी पाना देणार नाही. केरबामामा म्हणाले, "नजीरभाई, आधी एकट्यानं बघितलं तर ते खोलणं न्हाई. ते दाखवणं झालं."

शुक्रवारी सकाळी व्हॅन आली. तीसेक माणसं जमली. सिद्रामप्पा होता, रांगेतला मोठा मिस्त्री, ज्याच्याकडं आठ लिफ्ट आहेत. माणिकप्पा मान खाली घालून उभा होता. हुकलेल्या सातांपैकी एक मुलगी आपल्या वडलांबरोबर आली होती. जळकोटची. नाव धम्मप्रिया.

केरबामामांनी रेडिएटरचं पाणी खाली काढलं. बहुतेक नव्हतंच. मग थर्मोस्टॅटचं घर खोललं आणि लोकांना दाखवलं. आत वाल्व नव्हता. त्यांनी माणिकप्पाकडं बघितलं. माणिकप्पानं स्वतःच सांगितलं की गाडी घेऊन गेल्यावर दुसऱ्याच दिवशी आपण तो काढून टाकला. उन्हाळा वाढला होता, सगळेच काढतात, म्हणून. पाणी कुठलं भरायचा? होस्टेलच्या बोअरचं. केरबामामांनी बोट आत घालून बाहेर काढलं. बोटावर पांढरा चुना. अंड्याच्या टरफलासारखे पापुद्रे त्यांनी तळहातावर घेतले आणि सरांसमोर धरले.

"क्लासात उष्णता शिकवता न्हवं, सर?"

दोघंतिघं हसले. सर हसले नाहीत. लोक सैल झाले. सिद्रामप्पानंही मान हलवली, पाण्यानंच मारलं म्हणाला. अब्बांनी माझ्याकडं बघितलं. सुटलो, असं त्यांच्या तोंडावर होतं. तिथं थांबता आलं असतं.

केरबामामा थांबले नाहीत. हेडचे बोल्ट खोलायला लागले. आठ बोल्ट. घट्ट बसलेला बोल्ट सुटताना करकरतो, हाताला झटका देतो. पहिला करकरला. दुसरा करकरला. मी मोजत होतो. सात करकरले. आठवा, मागच्या बाजूचा, दोन नंबरच्या सिलिंडरजवळचा, निमूट फिरला.

कुणाच्या लक्षात आलं नाही. आकडा मोजत होतो तरी माझ्याही नाही. एवढ्या गलक्यात तो फरक फक्त पाना धरलेल्या हाताला कळतो. केरबामामा तसेच वाकलेले राहिले. मला वाटलं, कंबर धरली. मग ते सरळ झाले. तो बोल्ट त्यांनी ताटलीत टाकला नाही. हातात धरला.

ते म्हणाले, "हा ढिला व्हता."

कुणाला समजलं नाही. त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. हेडचे बोल्ट मधून सुरू करून कडेला, तीन फेऱ्यांत घट्ट करतात. पहिल्या फेरीत नुसते बसवायचे, दुसरीत आवळायचे, तिसरीत टॉर्क पान्यानं शेवटचा जोर. ह्या बोल्टाला तिसरी फेरी मिळालेली नाही. तेरा तारखेची गोष्ट. दुसऱ्या दिवशी जयंती. मिरवणुकीचा जनरेटर सुरू होत नव्हता म्हणून वस्तीतले लोक बोलवायला आले. सात बोल्ट झाले होते. ते जनरेटर बघून आले आणि वरचं कव्हर बसवून मोकळे झाले. गॅस्केट तिथंच फाटली आहे. बघा.

त्यांनी हेड उचललं. गॅस्केट तिथंच फाटली होती.

सिद्रामप्पा पुढं आला, केरबामामांच्या उजव्या कानाजवळ तोंड नेऊन म्हणाला, "अरे येड्या, कुणी विचारलं होतं तुला?"

"मला कळलं ना," केरबामामा म्हणाले.

शेषेराव सरांना आता बोलायला जागा झाली. म्हणजे मी म्हणत होतो तेच, असं ते म्हणाले. बहिऱ्याला गाडी देऊ नये.

केरबामामांचा आवाज कधी चढत नसे. स्वतःचा आवाज हाडातून आत मोठा घुमायचा, म्हणून ते नेहमी जपून बोलायचे. त्या दिवशी चढला. "न्हाई. नीट ऐका. बोल्ट माझा. पाणी तुमचं. आन् बोल्टाची चूक हाताची हाय, डोस्क्याची हाय, जयंतीच्या घाईची हाय. कानाची न्हाई. काम काढून घ्यायचं तर ढिला बोल्ट ठेवणारा म्हणून घ्या. बहिरा म्हणून घ्यायचं न्हाई."

मग ती मुलगी बोलली. केरबामामांना ओठ दिसावेत म्हणून समोर येऊन उभी राहिली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"काका, बोल्ट घट्ट असता तर पोचलो असतो का आम्ही?"

हो म्हटलं तर सगळा दोष अंगावर. नाही म्हटलं तर सुटका.

"न्हाई सांगता येत, माय," ते म्हणाले. "लोह्यापर्यंत गेली असती. कदाचित नांदेडलाबी. न्हाई सांगता येत."

तिनं मान हलवली. वडील तिला घेऊन गेले.

त्यानंतर नऊ दिवस शेडमध्ये एकही गाडी आली नाही. मी रोज बसायचो. रांगेत कुणी म्हणायचं, इमानदार आहे. कुणी म्हणायचं, स्वतःच्या हातानं स्वतःचं हेड उतरवलं. गाडी कुणीच आणत नव्हतं. दहाव्या दिवशी अण्णाराव आले. निवृत्त तलाठी, जुनी फियाटवाले. गाडीतून उतरता उतरता म्हणाले, "मिस्त्री, तुमचा आठवा बोल्ट ढिला राहतो म्हणं. मी शेजारी बसून मोजतो." आणि खरंच खुर्ची टाकून बसले. केरबामामा प्रत्येक बोल्टाला त्यांच्याकडं बघून आकडा मोठ्यानं म्हणायचे. अण्णाराव मान हलवायचे. दोघंही एकदाही हसले नाहीत.

व्हॅन अजून शेडमध्येच होती. शेषेराव सरांनी निरोप पाठवला की ती सिद्रामप्पाकडं द्यायची आहे, माणसं ओढून नेतील. केरबामामा शेडच्या दारात स्टूल टाकून बसले. माणसं आली तेव्हा त्यांना सांगितलं की ही गाडी इथून चालत जाईल, ओढून जाणार नाही. माणसांत माणिकप्पा होता. त्यानं दोर परत गुंडाळला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दुसरी परीक्षा होती. केंद्र पुन्हा नांदेड. तीच सात मुलं. सरांनी या वेळी जीप ठरवली. पालकांना तसं लिहून कळवलं. हे केरबामामांना समजलं तेव्हा ते क्लासवर गेले. मीही गेलो. ऑफिसात सर होते, दोन शिक्षक होते. केरबामामा बसले नाहीत.

त्यांनी सांगितलं की त्या दिवशी पहाटे पाचला तीच व्हॅन, तेच इंजिन घेऊन आपण जीपच्या मागं निघणार. रिकामी. नांदेडच्या फाटकापर्यंत.

सर म्हणाले, "कशाला? कोण बसणार आहे त्यात?"

"कुणी नका बसू," केरबामामा म्हणाले. "मी मागून आणतो. तुमची जीप बंद पडली तर बसा."

एक शिक्षक खाली बघून हसला. सर नको म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. जिना उतरताना केरबामामांनी माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, "एम्मे, तू शेजारी बसायचंस. मला मागचा हॉर्न ऐकू येत न्हाई."

कामाला पंधरा दिवस होते. जाम झालेलं इंजिन म्हणजे सगळंच नवं करावं लागतं. त्यांनी ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं धड, पुण्याच्या बसमधून बोअरिंगला, सिलिंडर आतून घासून घ्यायला, पाठवला आणि आणवला. पाण्याच्या वाटा खिळ्यानं खरवडल्या, तेजाबानं धुतल्या. चुन्याचा एक ढीग वर्तमानपत्रावर ठेवला. आल्यागेल्याला दाखवायचे. नव्या रिंगा, नवी बेअरिंगं. हेड मशीनवर घासून सपाट करून आणलं. थर्मोस्टॅट नवा. आणि सगळे सहा वाल्व पुन्हा बसवायचे होते.

वाल्व हातानं घासून बसवतात. त्याच्या तोंडाला खरखरीत राखाडी मलम लावायचं. रबर लावलेली काठी त्याला चिकटवायची. ती दोन्ही तळहातांत रवीसारखी फिरवायची. थांबायचं, पुसायचं, बघायचं. तोंडाच्या कडेला सगळीकडून सारखं मळकट कडं उमटलं की वाल्व बसला. मग हेड उलटं करून त्यात पेट्रोल ओतायचं. खालून ओल आली नाही तर काम पक्कं. आवाजाचं यात काहीच नसतं. नुसता हात आणि डोळा. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

वाल्व घासायला घेतले त्या दिवशी मी नांदेडला होतो, विद्यापीठात पदवीच्या कागदासाठी. दुपारी अडीचला अब्बांचा फोन आला. ऊन फार होतं. पत्रा तापला होता. मामीनं डबा आणला तेव्हा ते बाकावर पुढं वाकलेले दिसले. तिनं हाक मारली नाही. हाक मारून ऐकू येत नाही, हे तिला अंगवळणी पडलेलं. समोर जाऊन उभी राहिली. त्यांनी वर बघितलं नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. तासभर आधीच झालं असेल.

मी बसमध्ये उभा राहून आलो. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा उतरून चहा घेतला. का घेतला, माहीत नाही.

परीक्षा परवा झाली. जीप गेली, वेळेत पोचली, मुलांनी पेपर दिला. धम्मप्रियाच्या वडलांनी मला फोन करून तेवढंच कळवलं.

सिद्रामप्पानं निरोप दिला आहे की इंजिन आपण जुळवून देऊ, काही घेणार नाही. मामीनं अजून उत्तर दिलेलं नाही. काल मी शेड उघडलं. ब्लॉक तयार आहे, वर फडकं झाकलेलं. हेड बाकावर उलटं ठेवलं आहे. चार वाल्व बसून झालेत. त्यांत ओतलेलं पेट्रोल केव्हाच उडून गेलं असणार, खाली ओल नव्हती. सहावा कागदात गुंडाळलेला. पाचवा बाकावर पडला होता, काठी अजून त्याला चिकटलेली. मी तो उचलून पुसला. कडं निम्म्यापर्यंत उमटलं आहे. निम्मं अजून नुसतं चकचकीत लोखंड आहे.